क्लायंट सर्व्हिसमध्ये वीस-पंचवीस वर्षं काढायची तर घर कसं सांभाळायचं: एकेक पायरी

ऑडिट, टॅक्स, वकिली, कन्सल्टिंग, आर्किटेक्चर असल्या कामात जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, म्हणजे जिथे आपण वस्तू विकत नाही, आपलं डोकं आणि आपला वेळ विकतो. वर्क-लाइफ बॅलन्सचे जे सल्ले सगळीकडे फिरत असतात ना, पहाटे उठा, ध्यान करा, नाही म्हणायला शिका, ते वाचून मला एकच प्रश्न पडतो की हे लिहिणाऱ्याला संध्याकाळी साडेसहाला क्लायंटचा "दोन मिनिटं बोलू का?" असा मेसेज कधी आलाय का, कारण त्या दोन मिनिटांचे दोन तास होतात आणि तिथे ध्यानाचा काही उपयोग नसतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. घरच्यांना जास्त तासांचा त्रास होतोच, पण त्याहून कितीतरी जास्त त्रास होतो तो बेभरवशाच्या तासांचा. आज नऊ वाजणार हे सकाळीच माहीत असेल तर घर आपापली सोय लावून घेतं, पण "निघतोच आहे" म्हणत सातचे दहा झाले की सगळ्यांची संध्याकाळ वाया, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की घरचे तुम्हाला धरून प्लॅनच करायचे सोडतात. तेव्हा खालचं जे काही आहे ते तास कमी करायचं कमी आणि भरवसा वाढवायचं जास्त आहे.

पायरी १: आधी खरा हिशोब मांडा

आपण दिवसभर टाइमशीट भरतो, वकील मंडळी तर तासाचे दहा भाग करून सहा-सहा मिनिटांचं बिल लावतात, पण स्वतःच्या आयुष्याची टाइमशीट कुणी भरत नाही. चार आठवडे भरा. चार कॉलम पुरेत: बिलेबल (ज्या तासांचं बिल क्लायंटला लागतं), नॉन-बिलेबल (ज्यांचं लागत नाही), प्रवास, आणि चौथा म्हणजे "अर्धवट", म्हणजे अंगाने घरी पण हातात फोन आणि डोक्यात उद्याचं प्रेझेंटेशन. हा चौथा कॉलम प्रामाणिकपणे भरा, बहुतेकांचा खरा घोटाळा तिथेच सापडतो.

आता टार्गेटचं गणित बघा. समजा वर्षाला १,८०० बिलेबल तासांचं टार्गेट आहे, मोठ्या लॉ फर्ममध्ये हे किंवा याहून जास्तच असतं. वर्षाचे ५२ आठवडे, सुट्ट्या वगैरे धरून ४ काढा, राहिले ४८. म्हणजे आठवड्याला साडेसदतीस तास. ऐकायला काहीच नाही वाटत. पण हे फक्त बिलेबल झाले हां. त्यात टीम मीटिंग, ट्रेनिंग, नवीन कामासाठीचे प्रपोजल, ज्युनियरचे रिव्ह्यू, रिक्रूटमेंट, आणि टाइमशीट भरायचा वेळ हे सगळं मिळून दहा-बारा तास सहज जातात, झाले पन्नास, आणि येण्याजाण्याचे पाच-सहा धरले की घराबाहेर पंचावन्न. मग "आमच्याकडे फक्त १,८०० चं टार्गेट आहे" याचा खरा अर्थ कळतो. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून केलेला एक अभ्यास आला होता, त्यात आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना स्ट्रोकचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त दिसला होता. त्यात कामाचे तास मोजलेत, प्रवासाचे नाहीत, पण बिझी सीझनला आपल्यातले बरेच जण त्या रेषेच्या पार पलीकडे असतात.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र आनंदाची आहे. अजून एक आठवडा जास्त सुट्टी घेतली तर ४८ चे ४७ आठवडे होतात, आणि टार्गेट तेच ठेवूनही उरलेल्या आठवड्यांवर साधारण ४८ मिनिटांचा भार वाढतो. आठवड्याला ४८ मिनिटं, म्हणजे रोजची दहासुद्धा नाहीत. "सुट्टी घेतली तर टार्गेट बोंबलेल" असं जे आपण वर्षानुवर्षं स्वतःला सांगत असतो ना, ते एकदा कॅल्क्युलेटरवर करून बघा.

पायरी २: वर्षाचा एकच कागद, दोघांनी मिळून

आपल्या धंद्यातली एक गोष्ट चांगली आहे, ती म्हणजे बरीचशी धावपळ आधीपासून माहीत असते. ऑडिटवाल्यांचा सीझन क्लायंटचं आर्थिक वर्ष संपलं की सुरू होतो, टॅक्सवाल्यांना रिटर्नच्या तारखा माहीत असतात, कोर्टाच्या तारखा लागलेल्या असतात. डील्सवाल्यांचं, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं काम बघणाऱ्यांचं, मात्र कठीण आहे, तिथे तीन आठवडे शांतता आणि मग दहा दिवस झोप नाही.

वर्ष सुरू व्हायच्या आधी एक मोठा कागद घ्या, बारा महिन्यांचा, आणि जोडीदाराबरोबर बसा. आधी घरच्या तारखा टाका: मुलांच्या परीक्षा, शाळेचे कार्यक्रम, आईवडिलांच्या तपासण्या, जोडीदाराच्या कामाच्या डेडलाइन (हे बरेच जण विसरतात, त्याचं किंवा तिचंही करिअर असतं), वाढदिवस. त्यावर लाल पेनाने तुमचा बिझी सीझन. जिथे दोन्ही एकमेकांवर येतात तिथे आत्ताच ठरवा की कोण काय करणार, कारण त्या आठवड्यात ठरवायला गेलात तर भांडणच होणार.

सुट्टी पण याच बैठकीत बुक करायची. क्लायंट कधीच "आता जा निवांत" म्हणत नाही, तेव्हा काम कमी झाल्यावर सुट्टी घेऊ म्हणणाऱ्यांची सुट्टी येतच नाही. सहा महिने आधी कॅलेंडरवर टाकलेली सुट्टी टीम गृहीत धरते, दोन आठवडे आधी मागितलेल्या सुट्टीवर मात्र सगळ्यांचं मत असतं.

पायरी ३: आठवड्यातली एक संध्याकाळ पक्की करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ही माझ्या डोक्यातून आलेली नाहीये. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लेस्ली पर्लो यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये प्रत्यक्ष टीम्सवर हा प्रयोग केला आणि २००९ मध्ये तो छापून आला. एका प्रयोगात प्रत्येक कन्सल्टंटला आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ पूर्ण मोकळी द्यायची होती, ईमेल नाही, फोन नाही. मजा अशी की सुरुवातीला लोकांनाच ती नको होती, कारण आपण नसलो तर मागे पडू ही भीती. पण शेवटी त्या टीममधले लोक कामावर जास्त खूश निघाले, फर्ममध्ये टिकून राहायची त्यांची तयारी जास्त दिसली, आणि क्लायंटला मिळणाऱ्या कामाचा दर्जाही घसरला नाही. माझ्या मते त्यातला खरा मुद्दा मोकळ्या संध्याकाळीपेक्षा वेगळाच होता: एक माणूस नसणार म्हटल्यावर टीमला आधीपासून एकमेकांशी बोलावं लागलं, कोणाकडे काय आहे हे सांगावं लागलं, आणि बरंचसं फालतू काम त्यातच गळून पडलं.

आता हे आपल्याकडे आणायचं कसं. एकट्यासाठी मागू नका, एकट्याने मागितलं की ती सवलत होते, सगळ्या टीमने घेतली की पद्धत होते. नवीन प्रोजेक्ट सुरू होतानाच मॅनेजरला सांगा, मध्यावर नाही. मेसेज असा काहीतरी: "या प्रोजेक्टवर आपण प्रत्येकाने आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून घेऊया का? माझी बुधवार सहानंतर. त्या वेळेत माझ्या भागाचं काही आलं तर तन्वी बघेल, तिची गुरुवारी असेल तेव्हा मी बघेन. सोमवारी दहा मिनिटं बसून आठवड्यात कुठे अडेल ते बघू." यात तुमचा बॅकअप कोण हे नावासकट आहे, त्यामुळे नाही म्हणायला कारण उरत नाही.

आणि घरी फक्त बुधवारचंच वचन द्या. बाकीच्या दिवशी "बघतो" म्हणा, खरं आहे तेच सांगा. पाच दिवसांचं अर्धंकच्चं वचन देण्यापेक्षा एका दिवसाचं पक्कं बरं, लहान मुलांना तर हा फरक फार लवकर कळतो.

पायरी ४: तुमच्याशिवाय अडू नये अशी व्यवस्था करा

इथे बहुतेकांचा विरोध असतो, कारण आपली सगळी किंमत "क्लायंटला तीच हवी असते" यावर उभी आहे असं आपल्याला वाटतं. अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं नोबेल मिळालं, त्यांनी यावर बरंच काम केलंय. काही नोकऱ्या हावऱ्या असतात, तिथे दुप्पट वेळ दिला की दुपटीहून जास्त पैसे मिळतात, आणि कधीही हाक मारली की हजर राहणाऱ्याला वेगळा भाव असतो, वकिली आणि फायनान्स ही त्याची उदाहरणं. मग जोडप्यातला एक जण ती हावरी नोकरी धरतो आणि दुसऱ्याला, बहुतेक वेळा बायकोला, माघार घ्यावी लागते. उलट उदाहरण गोल्डिन फार्मासिस्टचं देतात: औषधं प्रमाणित झाली, पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर आली, एका फार्मासिस्टचं काम दुसऱ्याला सहज करता यायला लागलं आणि त्या पेशात कमी तास काम करणाऱ्याला तासामागे फारसा तोटा राहिला नाही.

आपलं काम तितकं सारखं होणार नाही हे मान्य, पण त्या दिशेला बरंच नेता येतं. प्रत्येक क्लायंटला पहिल्या मीटिंगपासून दोन चेहरे दाखवा. दुसरा माणूस फक्त सीसीमध्ये नको, दर तिसरा कॉल त्याने चालवायचा. आणि प्रत्येक क्लायंटची एक पानी नोट ठेवा, दर शुक्रवारी पाच मिनिटांत अपडेट होईल एवढीच. त्यात काय हवं: सध्या काय चालू आहे, पुढची तारीख कोणती, कोणाकडून काय यायचं बाकी आहे, आणि शेवटी "माणसं" असा एक भाग, जसं की फायनान्स हेडना लांब ईमेल आवडत नाहीत, फोन करा, नंबर आधी सांगा, कारण नंतर. हा शेवटचा भाग कुठल्याच फाइलमध्ये नसतो आणि तो फक्त तुमच्या डोक्यात असतो म्हणूनच सुट्टीवर तुम्हाला फोन येतात.

किंमत कमी होईल ही भीती ज्युनियर असताना थोडी खरी असते, नाकारत नाही. पण मॅनेजरच्या पुढे गेल्यावर नेमकं उलटं होतं, ज्याच्या हाताखाली काम सोपवता येईल अशी माणसं तयार होत नाहीत त्याला वर न्यायला फर्म कचरते.

पायरी ५: "अर्जंट" हा शब्द उलगडायला शिका

क्लायंट "आज हवंय" म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा त्याला उद्या सकाळच्या मीटिंगआधी हवं असतं, आणि आपण रात्री साडेअकराला पाठवलेलं तो सकाळी साडेनऊला उघडतो. म्हणून काम हातात घेताना दोन प्रश्न: हे पुढे कोणाकडे आणि कधी जाणार आहे? आणि पूर्ण हवं की आकड्यांपुरतं आधी चालेल? हे विचारणारा माणूस आळशी वाटत नाही, उलट काम समजून घेणारा वाटतो.

स्कोप वाढण्याचंही तेच. ठरलेल्या कामाबाहेरचं "जरा हेही बघा ना" आलं की लगेच हो किंवा नाही न म्हणता लेखी उत्तर द्या की करता येईल, त्याला इतका वेळ आणि इतकी फी लागेल, किंवा यातलं अमुक मागे जाईल. घरचा वेळ बऱ्याचदा असल्या फुकटच्या कामात गेलेला असतो, टार्गेटमध्ये नाही.

आणि उघडपणे सांगावं की गुपचूप जमवावं? यावर संशोधक एरिन रीड यांचा २०१५ चा एका कन्सल्टिंग फर्मवरचा अभ्यास वाचण्यासारखा आहे. ज्यांनी औपचारिकपणे तास कमी करून मागितले त्यांचं मूल्यमापन घसरलं, आणि ज्यांनी न सांगता जवळचे क्लायंट घेऊन, एकमेकांना कव्हर करून तासांना आवर घातला, त्यांना ऐंशी-ऐंशी तास राबणाऱ्यांसारखंच रेटिंग मिळालं, वरिष्ठांना फरकच कळला नाही. गुपचूप जमवणारे बहुतेक पुरुष होते आणि रीतसर मागणी करणाऱ्या बऱ्याच स्त्रिया, हे वाचून आश्चर्य वाटत नाही पण चीड येते. माझा सल्ला असा की ज्युनियर असताना कारणं कमी द्या, "चार वाजता मला दुसरी कमिटमेंट आहे, सकाळी नऊला ड्राफ्ट मिळेल" एवढं पुरे, ती कमिटमेंट शाळेतली पालकसभा आहे हे सांगायची गरज नाही. पार्टनर (म्हणजे फर्मचे भागीदार) किंवा डायरेक्टर झालात की मात्र मुद्दाम मोठ्याने सांगा की मी पालकसभेला चाललेय, कारण तुमच्याकडे बघून खालचे लोक ठरवत असतात की इथे काय चालतं.

पायरी ६: घरी पोचण्याआधी दहा मिनिटं

संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसरीकडे गेलं की मन पहिल्यातच रेंगाळतं. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की थांबताना "कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं" हे लिहून ठेवलं तर ते रेंगाळणं कमी होतं. म्हणून लॅपटॉप बंद करायच्या आधी दोन ओळी लिहा. "ड्राफ्टचा तिसरा भाग राहिलाय, त्यांच्या मेलमधला आकडा ताडून बघायचा" एवढं बास. घरून काम करणाऱ्यांना तर याची जास्त गरज आहे, त्यांना मधला प्रवासही नसतो.

पायरी ७: घरातली कामं "मदत" म्हणून वाटू नका

ऑफिसात आपण कुणाला काम देतो तेव्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत देतो, आणि घरी मात्र "सांग ना काय करू" म्हणतो. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये घरकामाच्या या डोक्यातल्या भागाचे चार तुकडे पाडले: गरज ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि मग ते झालं का यावर लक्ष ठेवणं. दमवणारा भाग हा असतो, आणि तो सहसा एकाच माणसाकडे असतो.

म्हणून विषय वाटा, कामं नको. उदाहरणार्थ मुलांचं आरोग्य पूर्णपणे तुमच्याकडे: लस कधी आहे हे लक्षात ठेवणं, अपॉइंटमेंट, घेऊन जाणं, फाइल, पुढची तारीख, सगळं. बिझी सीझनमध्ये तुम्ही नसाल तर आधी सांगून त्या काळापुरता हँडओव्हर द्यायचा, क्लायंटला देता तसाच, लिहून. रविवारी वीस मिनिटं दोघांनी बसून येत्या आठवड्याच्या गाठी सोडवायच्या, त्यात जुनी उणीदुणी काढायची नाहीत. बाकी पैसे देऊन जे करून घेता येतं ते करून घ्या आणि त्याचा अपराधीपणा बाळगू नका.

प्रवास असेल तर

सोमवारी जाऊन गुरुवारी परतणं हे कन्सल्टिंगमध्ये जुनंच चक्र आहे. व्हिडिओ कॉलची वेळ ठरलेली ठेवा आणि कॉल छोटा ठेवा. चार-पाच वर्षांच्या मुलाला "आज काय केलं?" विचारलं की "काही नाही" असंच उत्तर येतं, त्यापेक्षा एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक बॅगेत एक घरी, आणि रोज दोन पानं वाचा, पान त्याने उलटायचं आणि चित्रात काय आहे ते त्याने सांगायचं. मोठ्या मुलांना कॉल नको असतो, त्यांना मेसेज करा आणि उत्तराची घाई करू नका. परत आल्यावर पहिल्याच तासात घराची शिस्त सुधारायला लागू नका, तुम्ही नसताना त्यांनी जे बसवलंय ते चालू द्या.

पायरी ८: वीस-पंचवीस वर्षांचे टप्पे आधी ओळखा

पहिली पाच-सहा वर्षं शिकायची, तेव्हा तास द्या, पण पगारवाढीबरोबर खर्च पूर्ण वाढवू नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असलेल्या माणसाला वाटाघाटी करता येतात, हप्त्यांत अडकलेल्याला नाही.

मग येतो सगळ्यात कठीण टप्पा. सीनियर मॅनेजर ते पार्टनर ही वर्षं बहुतेकांची तिशीत येतात, आणि मुलंही त्याच वर्षांत लहान असतात. "वर जा नाहीतर बाहेर पडा" असा नियम असलेल्या फर्ममध्ये हे जास्तच टोचतं. इथे मॅनेजिंग पार्टनरला सरळ विचारा की पार्टनर व्हायच्या ट्रॅकवर दोन वर्षं उशीर झाला तर काय होतं, आणि असा उशीर होऊनही पार्टनर झालेलं कोण आहे. नाव सांगता आलं नाही तर उत्तर मिळालं असं समजा. कमी तासांचा करार करायचा असेल तर टक्क्यांवर करू नका, क्लायंटच्या संख्येवर करा. ऐंशी टक्के वेळ म्हणून पगार ऐंशी टक्के होतो आणि पाच क्लायंट पाचच राहतात, मग काम शंभर टक्क्यांचंच होतं. पाचातला एक क्लायंट नावासकट दुसऱ्याकडे गेला, तरच तो करार खरा. बाळंतपणाच्या किंवा इतर लांब रजेवर जातानाही हेच, परत आल्यावर कोणते क्लायंट परत मिळणार हे जायच्या आधी मेलवर घ्या.

चाळिशी-पन्नाशीत आईवडिलांचं येतं, आणि त्याला बाळासारखी नऊ महिन्यांची नोटीस नसते. एका फोनवर सगळं सोडून जावं लागतं. चौथ्या पायरीतली एक पानी नोट तेव्हा कामाला येते. घरच्या बाजूनेही तशीच एक नोट करा: औषधं, डॉक्टर, विमा, कागदपत्रं कुठे आहेत, आणि भावंडांपैकी कोण काय बघणार.

काही देशांत ऑफिसनंतर कॉल न घेण्याचा हक्क कायद्यात आलाय, फ्रान्समध्ये २०१७ पासून, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. पण तो कर्मचाऱ्यांसाठी असतो, पार्टनर म्हणजे मालक, त्याला तो लागू पडतोच असं नाही. आणि बऱ्याच मोठ्या फर्म पार्टनरना साठीच्या आसपास निवृत्त करतात, तेव्हा मुलं बाहेर पडलेली असतात.

हे सगळं सहा महिने मनापासून करूनही एक संध्याकाळसुद्धा पक्की होत नसेल तर दोष तुमच्या नियोजनात नाही, ती फर्म किंवा ती टीम तशी आहे. आधी फर्ममध्येच दुसरी टीम बघा, कारण एकाच फर्ममध्ये दोन पार्टनरच्या टीम दोन वेगळ्या जगात असतात. मग क्लायंटच्या बाजूची नोकरी, कंपनीतलं लीगल किंवा फायनान्स. आणि इंटरव्ह्यूत वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे असं विचारू नका, छान आहे असंच सांगतात. विचारायचं असं: तुमच्या टीममधलं शेवटचं कोण सलग दोन आठवडे सुट्टीवर गेलं होतं, आणि तेव्हा त्याचे क्लायंट कोणी सांभाळले?